हिराईची खोली

१२ जुलै, शनिवार
पहाटेपासून झड. मंदिरात पोचायला उशीर. आधी हॉलमधलं पाणी लोटलं, मग देवाचा ओटा पुसला, फुलं वाहिली. पन्हाळीत चिंचेचा पाला अडकला होता, शिडी लावून काढला. गुडघा ठणकते.
मंदिराच्या मागच्या खोलीत आमच्या पंथातल्या संन्याशीण राहतात, हिराई; त्यांना चहा द्यायला गेली तं बाज जागेवर नाही. भिंतीपासून ओढून मधात आणलेली. एकटीनं, ह्या वयात. म्हटलं, "आई, काऊन ओढली?"
"भिंत जवळ येऊन राह्यली बाप्पा. म्हणून मीच दूर झाली."
पाहिलं तं खरंच. मागची भिंत आतल्या अंगाला फुगली आहे. जुनी मातीची भिंत, वरून सिमेंटचा हात दिलेला, तो पोपडा सोडून राह्यला.
हे असते तर काय केलं असतं? हे असते तर मिस्त्रीच बोलावला असता. मी बी तेच करते.

१४ जुलै, सोमवार
पोशट्टी मिस्त्री आला. भिंत ठोकून पाहिली, बाहेरून फिरून आला, डोकं हलवलं.
"अक्का, या खोलीत कोणाले झोपू देऊ नका."
"किती टिकल?"
"ते मले नाही, पावसाले विचारा."
सगळी भिंत उतरवून नवी घ्या म्हणे. पण पाऊस उघडल्याशिवाय हात लावता येत नाही. हिराई दारात बसून ऐकत होत्या. मिस्त्रीला म्हणाल्या, "चहा घे बाबू." जशी भिंत दुसऱ्याच कोणाची.

१५ जुलै, मंगळवार
शामरावअण्णाकडे गेली. मंदिराचं काही बी असलं की त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. जेवायला बसले होते. सगळं सांगितलं.
"पावसाळा जाऊ द्या वयनी, मंग पाहू."
"तोवर आईला माह्या घरी नेते."
त्यांचा घास हातातच राह्यला. "असं काही करू नका. मुआयना व्हायचा हाये."
मुआयन्याचं मी विसरलीच होती. मंदिराची जागा शेजारच्या वावरवाल्या लच्छन्नाच्या बापानं दिलेली, तोंडी. माणूस भला होता, कागद कोणी केला नाही. आता हायवेमुळं ह्या बाजूच्या जमिनीला भाव आला, आणि लच्छन्नानं तहसिलीत अर्ज टाकला की जागा माझी. म्हणून साहेब येणार, कबजा कोणाचा ते पाहणार.
"तिथं राहतं माणूस दिसलं पाहिजे," अण्णा म्हणाले. "आपण तं पाठाला येतो अन् जातो. राहतं कोण? हिराई. त्या उठल्या की कबजा उठला."
परत येताना छत्री उलटी झाली. भिजली.

२० जुलै, रविवार
गीतापाठ झाला. पूर्वी हॉल भरून लोक बाहेर बसत. आता सगळे दोन सतरंज्यांवर मावतात, आणि त्यातले निम्मे भिंतीला टेकायला जागा पाहतात. पोरं निर्मलला, हैद्राबादला. आली तरी त्यांच्या पोरांना मराठी पाठ वाचता येत नाही, शाळा तेलुगू.
पाठानंतर बैठक. पुरुष बसले, मी चहा ठेवला. गॅसजवळून ऐकू येत होतं. ठरलं की हिराईला हॉलमध्ये हलवायचं. हॉल एका अंगानं उघडा, नुसती जाळी, तिकडून ताडपत्री बांधायची. म्हणजे त्या मंदिरात बी राहतील आणि भिंतीखाली बी नाही. सगळ्यांना पटलं.
ताडपत्री कोण बांधणार ते कोणी बोललं नाही. म्हणजे मीच.

२१ जुलै
बांधली. गोविंद आला मदतीला, दुकान सोडून, म्हणून चिडचिड. "बाबा होते तोवर ठीक होतं आई. आता तूच काऊन? तुले कोणी नेमलं?"
कोणी नेमलं नाही. हे गेले, दिवस झाले तेव्हा अण्णा म्हणाले होते, दुसरा माणूस पाहूस्तोवर किल्ल्या तुमच्याजवळ राहू द्या. त्याला सहा वर्षं झाली असतील. अजून पाहून राह्यले.
हिराईचं सामान एका झोळीत मावलं. मला वाटलं होतं दोन फेऱ्या होतील.

२ ऑगस्ट, शनिवार
काल तहसिलीत गेली, मुआयना कधी ते विचारायला. साहेब फिरतीवर. तिथली पोरगी चांगली आहे बिचारी, खुर्ची दिली. "रेपु अम्मा, रेपु." रेपु म्हणजे उद्या. मागल्या वेळी बी उद्याच होता.
येताना मेथीचं बी घेतलं. वाफे नुसते पडून आहेत. भाजी लावायची माझी, आणि मी मंदिराच्या ताडपत्र्या बांधत फिरते. सून बोलत नाही, पण भांडी जोरात घासते.

९ ऑगस्ट
तीन दिवस पाणी. ताडपत्रीच्या खालून ओल येते. हिराईचं अंथरूण ओलं. चुलीवर शेकून वाळवलं. खोकतात.
संडासाचा पाइप तुंबला. काढला. ह्याबद्दल जास्त लिहीत नाही.

१६ ऑगस्ट, अष्टमी
जन्माष्टमीला सगळे आले, अदिलाबादहून, किनवटहून बी. आज मंदिर भरलं तं मन बी भरलं, खोटं काऊन लिहू. हॉल लोकांना लागतो म्हणून हिराईचं अंथरूण सकाळीच गुंडाळून सामानाच्या कपाटामागं ठेवलं. त्या दिवसभर ओट्याजवळ बसून. जो तो येऊन दंडवत करत होता. "आई, तब्येत बरी ना?" "बरी हाये बाप्पा." खोकला आला की पदर तोंडाशी धरायच्या. रात्री त्या कुठं झोपतात ते कोणी विचारलं नाही.
लच्छन्ना बांधावरून दूध घेऊन आला, दरवर्षी आणतो तसं. तिकडं अर्ज आणि इकडं दूध. अण्णांनी तोंड फिरवलं. हिराईनं तांब्या घेतला, त्याच्या म्हशीचं विचारलं, पोरीच्या बाळंतपणाचं विचारलं. तो तेलुगूत बोलतो, ह्या मराठीत. दोघांचं बरोबर जमते.

१९ ऑगस्ट, मंगळवार
हिराईला ताप. ऑटोनं बोथ गावाला, डॉक्टरकडे. छातीत कफ. गोळ्या, आणि "कोरड्या जागेत ठेवा. एकट्या ठेवू नका." मी मान हलवली.
येताना ऑटोत त्या म्हणाल्या, "सुमन, मले आता जाऊ दे."
मला वाटलं मरायचं बोलून राह्यल्या. रागावली. तं हसल्या.
"अवं, मरायले तुही परवानगी कायले लागते? माहूरकडे माही गुरुबहीण हाये, मठात. ती बलावून राह्यली. आपल्या मार्गात अटन सांगितलं हाये. एका जागी मूळ धरायचं नाही, फिरत राहायचं. तुह्या नवऱ्यानं म्हटलं, आई, पावसाळ्यापुरत्या थांबा. मी थांबली. तो पावसाळा काही सरला नाही."
मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होती आपण त्यांना आसरा दिला. पोळी-भाजी नेऊन देताना मनात जरा मोठेपण बी वाटायचं.
"काऊन थांबल्या मंग?"
"कोणी जा म्हटलं नाही."
मी म्हटलं, "आई, मुआयना होऊस्तोवर थांबा. एवढं झालं की मी सोता नेऊन सोडते."
त्या बाहेर कपाशीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "बरं."

२० ऑगस्ट
झोप नाही. मी बी अण्णासारखंच बोलली. शब्द बी तोच, मुआयना.

२८ ऑगस्ट, गुरुवार
भिंत पडली.
दुपारी वावरात होती. आवाज आला, मला वाटलं हायवेवर ट्रक पलटला. मग लच्छन्नाचं ओरडणं. "अम्मा! अम्मा!" पळत गेली, एक चप्पल चिखलात राह्यली ती तिथंच.
मागची भिंत आत पडली होती आणि वरचे टीन त्यावर. लच्छन्ना गुडघ्यापर्यंत मातीत, दोन्ही हातांनी ढेकळं फेकत होता. हात रक्ताळलेले. मला म्हणे अम्मा आत आहे, सकाळी मी तिला खोलीत जाताना पाहिलं. हॉलमध्ये पाहिलं, अंथरूण होतं, हिराई नाही. मी बी मातीत बसली. दोघं उकरत होतो. मी काय बडबडत होती मला आठवत नाही. तो म्हणतो मी त्याला शिव्या देत होती.
मग मागून आवाज आला, "काय शोधून राह्यले?"
हिराई. संडासाकडून आल्या, हातात लोटा, डोक्यावर खताचं पोतं पांघरलेलं. सकाळी खोलीत वाळत घातलेलं लुगडं आणायला गेल्या होत्या, तेवढंच.
लच्छन्ना तिथंच मातीत बसून रडला. एवढा मोठा माणूस. मग उठून माझ्यावर ओरडला की तुमी लोक म्हातारीला मारून टाकाल. तो गेल्यावर हिराईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. बाजेवर जिथं त्या झोपायच्या तिथं माझ्या कमरेएवढी माती होती.
आज त्यांना घरी आणलं. कोणाला विचारलं नाही. सुनेनं पाणी तापवलं, सोता त्यांचे पाय धुतले. मला नवल वाटलं.

३१ ऑगस्ट, रविवार
बैठक. अण्णा म्हणाले, देवानं वाचवलं. सगळे हो म्हणाले. मग म्हणाले, आता दोन दिवसांत आईला हॉलमध्ये परत आणू, चांगली दुपदरी ताडपत्री घेऊ, मुआयना कधी बी येईल.
गॅस बंद करून मी जाऊन सतरंजीवर बसली. बैठकीत मी कधी बसत नाही. सगळ्यांनी वर पाहिलं, चहाचं विचारायला आली असं वाटलं असेल.
म्हटलं, "आई येणार नाही."
"म्हणजे?"
"त्या माहूरकडे जाणार. गुरुबहिणीकडे. त्यायले जायचं हाये."
अण्णा समजुतीनं बोलले, त्यांचा स्वभाव वाईट नाही. "वयनी, तुमी घाबरल्या, साहजिक हाये. पण विचार करा. जागा गेली तं मंदिर गेलं. तुमच्या मालकानं जल्म घातला त्यात."
"हो, घातला."
"मंग?"
"अण्णा, हिराई म्हणजे दारावरचं कुलूप हाये का?"
मला वाटलं नव्हतं माझ्या तोंडून असं निघंल. मागून एकजण म्हणाला, बाईमाणूस मधात बोलायला लागलं की असंच होते. अण्णांनी त्याला हातानं थांबवलं. मग चपला घालून गेले.
किल्ल्या सतरंजीवर ठेवून मी बी उठली. सगळे निघाले, किल्ल्या तिथंच. दिवाबत्तीला परत यावं लागलं. उचलल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
हिराईला सोडून आली. गोविंदनं ओळखीच्याची गाडी आणली. पैनगंगेला पूर, पुलावरून हिराई लहान पोरासारख्या वाकून पाहत होत्या.
निघायच्या आधी म्हणाल्या मंदिरात ने. ओट्याला दंडवत घातला. पडलेल्या खोलीकडे पाहिलं बी नाही. लच्छन्नाच्या वावराकडे पाहिलं, तो नव्हता, बाजाराला गेला होता.
मठ साधा आहे. गुरुबहीण हिराईपेक्षा बी म्हातारी. दोघींनी एकमेकींना दंडवत केला आणि उठता येईना, मीच हात देऊन उठवलं. मग दोघी हसत सुटल्या. हिराईला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.
मी निघताना म्हणाल्या, "तू बी थकली आता, सुमन."
बस एवढंच. रस्ताभर गोविंदला तोंड दिसू नये म्हणून खिडकीकडे बसली.

१५ सप्टेंबर
सकाळी दोन कप चहा केला.

२८ सप्टेंबर, रविवार
पाठाला कमी लोक. अण्णा आले, पाठ झाला, माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या घरच्यांनी निरोप दिला: साहेब आले तं म्हणायचं, आई दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेल्या, येतील. खोलीत बाज आणि एखादं लुगडं ठेवायचं.
खोलीला भिंत नाही. लुगडं कुठं ठेवू?

१६ ऑक्टोबर, गुरुवार
मुआयना झाला.
साहेब तरुण, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडावरून दगडावर. सोबत तहसिलीतला एक गिरदावर, मराठी जाणणारा. इकडून अण्णा, मी, आणखी दोघं. तिकडून लच्छन्ना, एकटाच.
जागा मोजली. हॉल पाहिला, ओटा पाहिला. साहेबांनी ओट्यापाशी बूट काढले, मला बरं वाटलं. मग पडलेली खोली.
गिरदावरानं विचारलं, "इथं कोण राहते?"
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. किल्ल्या माझ्याजवळ, म्हणून उत्तर बी माझ्याजवळ. रात्री दोनदा मनात घोकलं होतं, दोन दिवसांसाठी बाहेरगावी. सोपं वाक्य आहे.
"एक आई राहत होत्या," मी म्हटलं. "गेल्या."
"कधी येतील?"
"नाही यायच्या आता."
अण्णांचा श्वास मला ऐकू आला. गिरदावरानं साहेबांना तेलुगूत सांगितलं, साहेबांनी लिहिलं. मग लच्छन्नाला विचारलं, तुझं काय म्हणणं. मला वाटलं आता तो उड्या मारील. तो माझ्याकडे वळून मोडक्या मराठीत म्हणाला, "अम्मा गेली? मले सांगितलं बी नाही?"
त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. तो समजत होता की त्या माझ्याच घरी आहेत.
साहेबांनी परत विचारलं. लच्छन्ना म्हणाला, जागा माझ्या बापाची आहे. मग जरा थांबून, बापानं ह्या लोकांना दिली होती हे बी खरं. साहेब म्हणाले, दोन्ही कसं लिहू? तो म्हणे, मला काय माहीत, तुमी शिकलेले.
निकाल मागून कळवतील.

१७ ऑक्टोबर
अण्णा घरी आले. आत नाही, फाटकापाशीच उभे. म्हातारे दिसले.
"वयनी, एक शब्द बोलल्या असत्या. एक."
"हो."
"मंदिर गेलं तं लोक तुमचं नाव घेतील."
"घेऊ द्या."
त्यांना राग नव्हता, ते जास्त लागलं. बाप मेल्यावर ह्या मंदिरातच त्यांना मार्गाचा उपदेश मिळाला, हे मला माहीत आहे. मी बी त्यात लहानाची मोठी झाली नसली तरी म्हातारी झाली. खोटं बोलून जागा राह्यली असती का? राह्यली बी असती. मी बरोबर केलं असं मला रोज वाटत नाही. आज नाही वाटलं.
मिस्त्रीला विचारून ठेवलं, पाऊस उघडला, आता भिंत घेशील का. म्हणे निकाल काय लागतो ते पाहा आधी.

२ नोव्हेंबर
कापूस वेचणी, लोक पाठाला येत नाहीत. मी आणि अण्णा, दोघांनीच पाठ केला. त्यांचा एक श्लोक चुकला, मी पुढचा उचलला. निघताना म्हणाले, "येतो." तेवढं तरी.
हिराईचा फोन नाही. मठात फोन एकाकडेच आहे. आपण करावा का? काय बोलावं?
लच्छन्नानं पडलेले टीन उचलून चिंचेखाली नीट रचून ठेवले. मी पाहिलं, त्यानं पाहिलं मी पाहिलं, तो वावरात गेला.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी मंदिर उघडायला गेली तं पायरीवर दोघीजणी बसलेल्या. मार्गातल्या, अटनातल्या. एक माझ्या वयाची, एक तरणी. खांद्यावर झोळी, तळव्यांना भेगा. दंडवत केला. काल संध्याकाळीच आल्या होत्या म्हणे, कुलूप पाहून पायरीवरच झोपल्या. थंडीत.
चहा केला, भाकर आणून दिली. हॉलमध्ये ऊन येते तिथं बसवलं. तरणी सगळीकडे पाहत होती. "किती शांत जागा हाये," म्हणाली. तिचा पाय सुजला होता, तेल दिलं.
कोणी पाहिलं कोण जाणे, अण्णांचा फोन. आवाजच वेगळा. "वयनी, ठेवून घ्या त्यायले. काही बी करा. महिनाभर तरी. मी तहसिलीत जाऊन सांगतो, राहणारे आले म्हणून. अजून लिहून झालं नसंल त्यायचं. ऐकता ना? आपलं मंदिर वाचते वयनी." मी "हो अण्णा" म्हटलं, म्हणजे ऐकलं म्हणून.
फोन ठेवून आली. तरणीचा पाय खरंच सुजलेला होता. चार दिवस थांबा म्हणायला काय जाते? त्यात खोटं काहीच नव्हतं. शब्द अगदी ओठावर.
मोठीनं भांडी धुऊन पालथी घातली, झोळी उचलली. म्हणाली, "ताई, उटनूरकडे कोणता रस्ता जाते?"
तरणी लगेच उठली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "पाय बरा होऊस्तोवर थांबायचं असलं तं थांबा. माह्या घरी. अन् जायचं असलं तं चला, दाखवते."
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तरणी उठली.
फाटकापर्यंत गेली, रस्ता दाखवला. आधी हायवे लागल, तो ओलांडा, मग वडापासून डावीकडे. त्या दिसेनाशा होईस्तोवर उभी होती. तरणी जरा लंगडत होती.
आता घरी बसून लिहून राह्यली. फोन वाजते. अण्णाच असतील. उचलते.